दहा दिवसांचा खाडा

शिरीष वाटवे फुलारींच्या दुकानापर्यंत आला, पण पायरी चढला नाही. खालीच रस्त्यावर, चपला न घालता उभा राहिला. सकाळचे साडेआठ वाजले होते, खणभागात नळाला पाणी आल्याची गडबड चालली होती.

"वर या की," उत्तरा गल्ल्यामागून म्हणाली.

"सुतक आहे. बाबा गेले काल पहाटे."

उत्तराने हातातली दोऱ्याची रीळ खाली ठेवली. वाटव्यांकडं फुलारींची पुडी जायला लागून सव्वीस वर्षं झाली होती. म्हाताऱ्यांना पांढरी शेवंती लागायची, पिवळी चालायची नाही, हे दुकानात सगळ्यांना पाठ होतं. ती म्हणाली, "अरेरे. आजारी होते का?"

"छे. परवा संध्याकाळी आमराईत दोन फेऱ्या मारून आले. पोहे खाल्ले. मीठ कमी आहे म्हणून आईवर चिडलेसुद्धा." शिरीषने फोन लांबूनच तिच्यासमोर धरला. "हे मात्र परवा दुपारी चार वाजता आलं."

पडद्यावर फुलारींच्या ॲपचा निरोप होता. नमस्कार. उद्यापासून दहा दिवस आपला रतीब आम्ही थांबवत आहोत. आपण काही करण्याची गरज नाही.

"बाबा गेले काल पहाटे पाचला. मी तुम्हाला काही कळवलं नव्हतं. कळवायला काही झालंच नव्हतं." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "उत्तराताई, तुम्हाला कसं कळलं?"

ती म्हणाली, "योगायोग असेल." दुसरं काय म्हणणार? शिरीषने मान हलवली आणि तो आला तसा अनवाणी निघून गेला. त्या दिवसापासून उत्तरा फुलारी एका जागी धड बसली नाही.

आता फुलांचा रतीब ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रोज सकाळी दाराच्या कडीला फुलवाला पुडी अडकवून जातो. पळसाच्या पानात बांधलेली, मूठभर झेंडू-शेवंती, दूर्वांची जुडी, तुळशीची चार पानं, सोमवारी बेल. देव ज्याच्या घरात आहेत त्याला रोज पुडी लागते. एखाद दिवशी नको असली तर त्याला खाडा म्हणायचं, आणि खाडा आधी कळवायचा. हा सगळा धंदा त्या कळवण्यावर चालतो आणि लोक नेमकं तेच विसरतात. तिरुपतीला जाऊन येतात, आणि दाराच्या कडीला वाळलेल्या आठ पुड्या लोंबकळत असतात. मग भांडणं.

उत्तरा एकोणचाळीसची. पुण्यात बारा वर्षं लोकांच्या ॲपची बटणं कुठं असावीत हे ठरवण्यात घालवून ती सांगलीला परत आली, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या दुकानाचं ॲप करायला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची आणि विषय बदलायची. तिचा भागीदार इरफान मुजावर मिरजेचा, यंत्रातला माणूस. दोघांनी मिळून ठरवलं होतं की रतीब असा करायचा, की गिऱ्हाइकाला काही कळवावंच लागू नये. ज्या घरातली फुलं अजून ताजी असतील तिथं कमी पाठवायची, सणाला वाढवायची, आणि गरज नसेल तेव्हा रतीब आपला आपणच थांबावा. सगळ्यात अवघड ते शेवटचं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं आपोआप खाडा.

त्यासाठी इरफाननं डबी केली. पुडीतली फुलं ठेवायची, देवापाशी राहणारी, तांब्याच्या झाकणाची छोटी डबी. झाकणाच्या आत नखाएवढी चकती आणि तिच्यावर चौसष्ट ठिपके, प्रत्येकाला वेगळा लेप. हवेतले रेणू ठिपक्यांना चिकटतात. कुठल्या ठिपक्याला कुठले रेणू आवडतात हे ठरलेलं असतं, आणि रेणू चिकटला की त्या ठिपक्यातून जाणारी वीज किंचित कमीजास्त होते. चौसष्ट ठिपक्यांच्या अशा कमीजास्तपणाची मिळून एक नक्षी होते. तीच त्या वासाची सही. फूल तोडल्यावरही जिवंत असतं, म्हातारं होताना इथिलीन नावाचा वायू सोडतं. डबी तो ओळखते, आणि फुलं किती तासांची सोबती आहेत ते सांगते.

इथवर सोपं होतं. पण घरात काय फक्त फुलांचा वास असतो? फोडणी असते, उदबत्ती असते, फरशी पुसायचं फिनेल असतं, ओले टॉवेल असतात. हे सगळं वजा केल्याशिवाय फूल सापडेना. तेव्हा त्यांनी डबीला आधी घराचा वास पाठ करायला लावला. सहाशे घरांत, चौदा महिने. आणि सरतेशेवटी घराचा वास म्हणजे त्या घरातल्या माणसांचाच वास, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. हुशार माणसांच्या डोक्यात अशा साध्या गोष्टी येत नाहीत.

"वासाचा आणि खाड्याचा संबंध लाव, एवढंच आपण मशीनला सांगितलं होतं," इरफान म्हणाला. दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं, तिथं तो पडद्यासमोर बसला होता आणि उत्तरा खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होती. "एकदोन दिवसांचे खाडे त्याला कधीच जमले नाहीत. लोक लग्नाला जाणार ते वासावरून कसं कळणार? पण दहा दिवसांचे खाडे बघ. चौदा महिन्यांत बेचाळीस झाले. त्यातले पस्तीस त्यानं काही महिने आधी ओळखलेत. मला वाटलं, किती छान."

"दहा दिवसांचा खाडा कशाचा असतो ते तुला माहीत नाही?"

"माझ्या घरी कुठं फुलांचा रतीब आहे? मी समजलो, लोक सहलीला जातात."

उत्तरा थांबली. इरफानला माहीत नसणं ठीक होतं. पण ती फुलाऱ्याची मुलगी. घरात कुणी गेलं की दहा दिवस देवांना कुणी हात लावत नाही, पूजा बंद, फुलं बंद, हे ती फ्रॉकमध्ये असल्यापासून ऐकत आली होती. अण्णांच्या वहीतले खाडे संगणकात घालताना तिनंच बेचाळीस वेळा दहाचा आकडा लिहिला होता. लिहिताना तिला तो नुसता आकडा दिसला होता, आणि आता ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

हे होतं कसं, ते इरफाननं दोन दिवस वाचून काढलं. साखर फार वाढली की माणसाच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो, हे जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. शिकवलेली कुत्री काही आजार नुसते हुंगून ओळखतात. शरीरातल्या पेशी वेड्यावाकड्या वाढायला लागल्या, की त्यांच्यातून निघणारा कचरा वेगळा असतो. तो रक्तातून फुफ्फुसात येतो, फुफ्फुसातून श्वासात, घामातून अंगावर. आपल्या नाकाला तो जाणवत नाही, कारण फार थोडा असतो. डबीला थोडं पुरायचं.

"पुढचे किती आहेत?" उत्तराने विचारलं.

"सतरा घरं. तारखा अंदाजाच्या, आठवडाभर पुढंमागं." इरफाननं यादी उघडली आणि तो पटकन पडद्यासमोर आडवा झाला.

"सरक," ती म्हणाली.

अकरावं घर फुलारी, खणभाग. दहा दिवस, घटस्थापनेच्या आसपास. तेव्हा वैशाख संपत आला होता. म्हणजे अजून चार महिने.

घरात माणसं चार. अण्णा, भाऊ जयवंत, शुभदावहिनी आणि ती. जयवंत बेचाळिशीचा, रोज पहाटे फुलांच्या सौद्याला जाणारा, दगड पचवेल असा. वहिनी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अण्णा एकाहत्तर. हिशोब सरळ होता आणि तो तिनं सरळच केला.

"मला कशाला दवाखान्यात?" अण्णा म्हणाले. ते हार ओवत बसले होते. "मला काय झालंय?"

"काही नाही. या वयात एकदा सगळं तपासून घ्यावं."

"गेल्या वर्षीपण हेच वय होतं जवळपास. तेव्हा नाही सुचलं."

पण गेले. लेकीच्या हट्टापुढं ते पूर्वीपासूनच टिकत नसत. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी "काय त्रास होतो आजोबा?" विचारलं तर म्हणाले, "हिला विचारा, मलाही समजून घ्यायचंय." रिपोर्ट आले. साखर जरा वर, बाकी सगळं ठीक. उत्तराचं समाधान होईना. तिनं दुसरा डॉक्टर गाठला, तिसरा गाठला. अण्णा जेवताना किती घास खातात ते मोजायला लागली, जिना चढताना मागून त्यांचा श्वास ऐकायला लागली. ते जरा खोकले की ती स्वयंपाकघरातून धावत यायची. पंधरा दिवसांत तिनं त्या माणसाला नकोसं करून सोडलं. वहिनीनं मिठाची बरणी अण्णांच्या ताटाजवळ ठेवली म्हणून तिच्यावर ओरडली, आणि वहिनी ताट घेऊन आत गेली.

शेवटी अण्णांनीच तिला एका दुपारी दुकानात समोर बसवलं. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी सुई दोऱ्यात खोचून ठेवली आणि म्हणाले, "आता बोल. मी मरतोय का?"

ती रडली. मग तिनं सगळं सांगितलं. वाटवे, डबी, सतरा घरं, घटस्थापना. तिचं संपल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "दहा दिवसांचे सगळे खाडे सुतकाचेच असं कोण म्हणालं?"

"मग?"

"अगं, देव दहा दिवस बंद राहतात ते दोन वेळेला. घरातलं माणूस गेलं की, आणि घरात मूल आलं की. सोयर म्हणतात त्याला. विसरलीस का सगळं पुण्याला जाऊन?"

बाळंतपण झालं की दहा दिवस सोयर, तेव्हाही पूजा नाही, फुलं नाहीत. आणि गरोदर बाईच्या अंगाचा वासही महिनोन्महिने बदलत जातो. म्हणजे डबीच्या लेखी मरण आणि जन्म एकच, दहा दिवस फुलं नकोत. "पण तुम्ही वहीत वेगवेगळं का लिहिलं नाहीत?" तिनं विचारलं. "नुसतं खाडा दहा, खाडा दहा. कारण लिहायला काय झालं होतं?"

अण्णा पहिल्यांदाच चिडले. "कुणाच्या घरात काय झालं ते फुलवाल्यानं लिहून ठेवायचं नसतं. आपण दाराबाहेरची माणसं. कळतं आपल्याला सगळं. कळलेलं विसरायचं असतं."

यातलं शेवटचं वाक्य ऐकायला उत्तरा तिथं नव्हतीच. ती दुकानातून घराकडं निघालीसुद्धा होती. अण्णा ठणठणीत होते. मग घटस्थापनेला फुलारींच्या घरी दुसरं काय होणार? जयवंतच्या लग्नानंतर नऊ वर्षांनी. तिनं चपला दारात भिरकावल्या आणि वहिनीला मागून मिठी मारली. "मला का नाही सांगितलंस? कितवा महिना?"

शुभदावहिनी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं, हात पुसले आणि मागं वळली. "कुणी सांगितलं तुला?"

"डबीनं. म्हणजे, तुझ्या वासावरून..." उत्तराने घाईघाईनं सांगितलं, अर्धवट, हसत. बोलता बोलता वहिनीच्या चेहऱ्याकडं तिचं लक्ष गेलं आणि ती थांबली.

"काही नाहीये," वहिनी म्हणाली. "मागच्या आठवड्यातच कळलं, याही वेळी नाही. नऊ वर्षं झाली उत्तरा. सगळ्या गावानं विचारून झालं, आता तुमची डबीही विचारायला लागली." तिनं गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच होती. "आणि मला एक सांग. माझा वास तिला येणार कुठून? आपल्या देवापाशी डबी आहे तरी कुठं? वर्ष झालं, ती तुझ्या टेबलावर असते."

हे खरं होतं. घरोघर डब्या पोचवण्याच्या गडबडीत स्वतःच्या घरची डबी उत्तराने देवापाशी ठेवलीच नव्हती. इरफाननं काही बदल केला की आधी याच डबीवर करून बघायचा, म्हणून ती तिच्या खोलीत, तिच्या उशापासून हातभर अंतरावर असायची. डबीत फुलं असत. बाकी त्या खोलीत दुसरं कुणी नसे.

आपण काय बोलून गेलो ते वहिनीच्या लक्षात यायला क्षण लागला. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"सोयर तर नक्कीच नाही," उत्तरा म्हणाली. तिला हसायचं होतं, पण जमलं नाही.

एवढे दिवस दुसऱ्याला दवाखान्यातून दवाखान्यात फिरवणारी ही बाई आता स्वतः काही दवाखान्याची पायरी चढेना. वहिनीनं नंबर लावला, हिनं रद्द केला. परत लावला, परत रद्द. मला काहीच होत नाहीये, म्हणाली. मशीन बेचाळीसपैकी सात वेळा चुकलंय, म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं ऑफिसातलं सामान तीनदा हलवलं, दुकानाची पाटी पुन्हा रंगवून घेतली आणि काही कारण नसताना गाडी काढून तासगावपर्यंत जाऊन आली. बसलं की ते आठवायचं, म्हणून बसायचंच नाही.

त्यातच पुण्याच्या कंपनीचा काळसेकर पडद्यावर आला. ही कंपनी फुलारींचं ॲप बारा शहरांत नेणार होती. वाटव्यांची भानगड त्याच्या कानावर गेली होती आणि उत्तराला वाटलं, आता हा रागावणार. तो खूश होता. "मॅडम, फुलांचं राहू द्या बाजूला. ती दहा दिवसांची यादी आहे ना, ती केवढी मोठी गोष्ट आहे कळतंय का तुम्हाला? विम्यावाले रांग लावतील. सोमवारी आपण सुरू करू. लोकांना काही सांगायची गरज नाही, डबी तर त्यांनी आधीच घेतलीय."

"त्यांनी ती फुलांसाठी घेतलीय," उत्तरा म्हणाली.

"तेच तर म्हणतोय."

तिनं त्याला बंद केलं आणि इरफानकडं वळली. "पुसून टाक. यादी, वासाची सगळी नोंद, सगळं. सोमवारच्या आत. म्हणजे कुणाच्याच हाती लागायचं नाही."

इरफान जागचा हलला नाही. हा माणूस सहसा वाद घालत नसे, काम दिलं की करून टाकायचा. आता मात्र त्यानं कीबोर्ड स्वतःकडं ओढून त्यावर हात ठेवला. "त्याच्यापासून लपवायला पुसायचं, की तुझ्यापासून?"

"म्हणजे?"

"तू तपासून घेतलंस आणि काही निघालं नाही, तर मशीन खोटं. मी आनंदानं पुसतो. पण काही निघालं, तर त्या सोळा घरांत पण कुणीतरी आहे. पुसल्यावर त्यांना सांगायला आपल्याकडं काही उरणार नाही. आणि तू न तपासता मला पुसायला सांगतेयस. सरळ सांगतो उत्तरा, तू घाबरलीयस."

"घाबरलेय मग," ती म्हणाली. "तूही घाबरला असतास."

"हो. मी तर पळून गेलो असतो. पण तू जा."

दुसऱ्या दिवशी ती गेली. वहिनी बरोबर होती. स्वयंपाकघरातल्या त्या दुपारनंतर दोघी एकमेकींशी नीट बोलल्या नव्हत्या. उत्तराने रिक्षात तिची माफी मागायला तोंड उघडलं तर वहिनी म्हणाली, "आज नको. आज तू काही बोलू नकोस, नुसती बस." आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. तपासण्यांना तीन दिवस लागले. तीनही दिवस वहिनी बाहेरच्या बाकावर होती.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र त्यांच्याकडं वळवलं. स्वादुपिंडाच्या टोकाला सुपारीएवढी गाठ होती. "वाईट जातीची आहे," त्या म्हणाल्या. लपवाछपवी करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "पण आहे तिथंच आहे, बाहेर पसरलेली नाही. पुढच्या गुरुवारी काढू. ही एकदा पसरायला लागली की हातात महिनेसुद्धा राहत नाहीत. बऱ्या व्हाल असं आज लिहून देत नाही, पण संधी आहे, आणि या आजारात ती फार थोड्यांना मिळते." मग त्यांनी चष्मा काढला. "मला कोडं पडलंय ते वेगळंच. पोट दुखत नाही, वजन उतरलं नाही, कावीळ नाही. या गाठीचे पेशंट माझ्याकडं येतात तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं असतं. तुम्ही आलात कशा?"

उत्तराने वहिनीकडं पाहिलं. "हिनं आणलं," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर तिला वाटलं होतं, आपण कोसळू. तसं काही झालं नाही. भीती होतीच, पण महिनाभर पायांत भरलेली ती वळवळ बंद पडली. काय आहे आणि कुठं आहे ते आता ठाऊक होतं. फक्त डॉक्टरीणबाईंचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. तुम्ही आलात कशा? त्या सोळा घरांतलं कुणीच येणार नव्हतं. ते आमराईत दोन फेऱ्या मारून येणार होते आणि पोह्यांत मीठ कमी म्हणून चिडणार होते.

त्याच संध्याकाळी तिनं इरफानला सोळा नावं एका कागदावर हातानं उतरवून घ्यायला सांगितली, आणि उतरवून झाल्यावर बाकी सगळं पुसून टाकायला लावलं. त्यानं तिच्यादेखत पुसलं. सहाशे घरांना, डबीतली चकती काढून न्यायला माणूस येईल, असा निरोप गेला. काळसेकरचा फोन वाजत राहिला, तो दोघांनीही उचलला नाही. ॲपवर खाडा कळवायचं जुनं बटण उत्तराने परत आणलं, होतं त्यापेक्षा मोठं करून.

"निरोप लिहू का या सोळाजणांना?" इरफाननं विचारलं. "नीट शब्दांत. तपासणी करून घ्या, असं काहीतरी."

"निरोप नको. वाटव्यांना गेला होता की निरोप."

"मग काय करणार?"

"जाणार."

अण्णांना हे पटलं नाही. दाराबाहेरच्या माणसानं दाराबाहेर राहावं, कळलेलं विसरावं, असं ते परत म्हणाले. लोक शिव्या घालतील, रतीब तोडतील, चाळीस वर्षांचं नाव जाईल. ते म्हणाले त्यातलं काही खोटं नव्हतं, आणि उत्तराही नाही म्हणाली नाही. "अण्णा, कळलेलं विसरायचं असतं, हे मला सांगू नका. मी विसरले असते तर घटस्थापनेला तुम्ही काय केलं असतंत?" मग उठून त्यांनी त्या दिवशीच्या सोळा पुड्या स्वतः बांधल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि बांधताना एकदोनदा बाहीनं डोळे पुसले.

ऑपरेशनला पाच दिवस राहिले होते. दिवसाला तीन-चार घरं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. त्यांतल्या काही घरी बाळ यायचं असेल आणि लोक पेढे देतील. काही घरी नसेल. कुठल्या घरी काय, ते कागदावर नव्हतं.

पहिलं घर गावभागातलं, पाटणकरांचं. सकाळचे साडेसात. नेहमीप्रमाणं कडीला पुडी अडकवून निघून जाणं फार सोपं होतं. तिनं पुडी हातातच ठेवली आणि बेल दाबली.

पाटणकर काकांनी दार उघडलं. ओठांवर इस्त्रीच्या घडीसारखं ताठ हसू असायचं त्यांच्या, ते आज नव्हतं, कारण फुलवाली दारात उभी राहण्याची सवय त्यांना नव्हती. "काय गं उत्तरा? पुडी द्यायला तू? सगळं ठीक ना?"

"काका, माझ्या पोटात गाठ निघालीय," ती म्हणाली. "गुरुवारी काढतायत. वेळेवर कळली म्हणून काढता येतेय. मला ती कशी कळली ते तुम्हाला सांगायला आलेय. थोडा वेळ लागेल. आणि घरातले सगळे लागतील."

खुर्चीवरचा पेपर उचलून काकांनी तिला बसायला जागा केली आणि आत वळून हाक मारली.

काकू पदराला हात पुसत आल्या. मुलगा दाढीचा साबण अर्धा तसाच ठेवून आला. सून ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून आली आणि तिच्यामागून, शाळेचा मोजा एका पायात घातलेली, त्यांची सात वर्षांची नात. उत्तराने पाचही जणांकडं एकेक करून पाहिलं. मग तिनं पुडी मांडीवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.